शेकाचं पुस्तक

शेवटची पोळी उतरली की शकुनबाईच्या तव्यावर कनकीची थैली चढायची. तळहाताएवढी, जुन्या धोतराच्या कापडाची, आत मूठभर तुकडा तांदूळ, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी बंद केलेली. आच मंद करून शकुनबाई ती पोळीसारखीच उलटसुलट करायची आणि मधूनमधून स्वतःच्या गालाला लावून पाहायची. आपल्या गालाला सोसलं तर पोरीच्या गुडघ्याला सोसेल, हे तिचं माप. घरभर भाजल्या तांदळाचा वास सुटायचा. तो कुंपणापलीकडे गेला की शेजारच्या केशवरावांची बायको तिकडून विचारायची, "आज कोनतं पान वो, शकुनबाई?"

"गुडघ्याचं." नाहीतर, "पाठीचं."

पान म्हणजे पुस्तकाचं. सहा वर्षांच्या नातीसाठी, खुशबूसाठी, शकुनबाईनं कापडाचं पुस्तक शिवलं होतं. प्रत्येक पानावर लुगड्यांच्या तुकड्यांचं एक चित्र आणि चित्रामागे एक खिसा. जिथं दुखेल तिथलं पान उघडायचं, खिशात गरम थैली सरकवायची, ते पान दुखऱ्या जागेवर ठेवायचं आणि आजीकडून चित्राची गोष्ट ऐकायची.

खुशबूला सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथं अडकतील तिथं हाडातून कळ उठते. भंडारा जिल्ह्यात हा आजार काही नवा नाही. गावागावात कोणाच्या तरी घरी आहे. खुशबूचे आईबाप, शुभांगी आणि भूपेंद्र, दोघंही त्याचे वाहक होते. स्वतःला कधी डोकं दुखलं नाही, त्यामुळे लग्नाच्या वेळी रक्त तपासायचं कोणाच्या मनात आलं नाही. पत्रिका मात्र दोन ठिकाणी दाखवली होती.

शकुनबाईचं माहेर मोहाडीकडचं. लग्न होऊन ती वैनगंगेकाठच्या खैरघाटात आली, तिथंच संसार झाला, तिथंच नवरा, टिकाराम, गेला. मग गोसीखुर्द धरणाचं पाणी वर चढलं आणि खैरघाट खाली गेलं. सरकारनं माळावर नवं खैरघाट वसवलं. सरळ रेषेत सिमेंटचे रस्ते, सारखे प्लॉट, प्रत्येक चौकात एक हातपंप. मुलानं, भूपेंद्रनं, तिथं घर बांधलं, थोडी धानाची जमीन घेतली आणि बाकीच्या दिवसांत भंडाऱ्यापर्यंत ऑटो चालवायला लागला. नवं गाव जुन्यापेक्षा स्वच्छ होतं. नदी तेवढी नव्हती.

शकुनबाईची ओळख जुन्या गावातही आणि नव्यातही एकच, वाकळी शिवणारी. बायका विरलेल्या लुगड्यांचं, फाटक्या सदऱ्यांचं गाठोडं आणून टाकायच्या आणि ही ओसरीवर पाय पसरून त्याची वाकळ करायची. पण गाठोडं सोडण्याआधी ती एक प्रश्न विचारायचीच.

"सगळे जित्यांचे आहेत न?"

मेलेल्या माणसाचं कापड वाकळीत जाऊ द्यायचं नाही. ते अंगावर घेऊन झोपणाऱ्याला मेलेला माणूस झोपू देत नाही, असं खैरघाटात मानत. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याचे वापरलेले कपडे घाटावर न्यायचे आणि धारेत सोडायचे. कपडा वळणाआड गेला की मागं न पाहता घरी यायचं. मग घरात त्या माणसाचं काही उरत नाही.

खुशबूची मोठी बहीण गुड्डी तीन वर्षांपूर्वी गेली, नऊ वर्षांची असताना. तिलाही हाच आजार होता. हिवाळ्यात ताप आला, खोकला आला. शकुनबाई म्हणाली, सर्दी आहे. छातीला गरम तेल चोळलं, ओव्याची पुरचुंडी हुंगवली. गुड्डी शहाणी पोरगी, आजीला बरं वाटावं म्हणून बरं वाटलं असं म्हणायची. छाती भरून आली तेव्हा तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली नाही.

तिसऱ्या दिवशी कपड्यांचं काय करायचं, यावर नव्या खैरघाटात वाद झाला. घाट तर पाण्याच्या बुडाशी. शेवटी शकुनबाई गाठोडं घेऊन धरणाच्या काठाला एकटीच गेली. शाळेचा गणवेश सोडला, तो भिजून हळूहळू बुडाला. परकर बुडाला. पण दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईत, घेतलेला जांभळा फ्रॉक, पांढऱ्या ठिपक्यांचा, छातीवर लेसची पट्टी लावलेला, तो फुगून पाण्यावरच राहिला. तिथं धार नव्हतीच. वाऱ्यानं थोडा आत गेला आणि पुन्हा काठाला आला. शकुनबाईनं काठीनं लोटला. तो परत आला. तिसऱ्यांदा तिच्या पायाला येऊन लागला तेव्हा तिनं तो उचलला, पिळला, पदराखाली घेतला आणि घरी आणून पेटीत आपल्या लुगड्याच्या घडीत ठेवला.

"सोडलं सगळं?" शुभांगीनं विचारलं.

"सोडलं," शकुनबाई म्हणाली.

नंतर त्या घरात गुड्डीचं नाव कोणी काढलं नाही. फोटो भूपेंद्रनं कपाटात ठेवला. खुशबू तेव्हा तीन वर्षांची होती. ताई कुठं गेली म्हणून तिनं विचारलं, तेव्हा तिला सांगितलं, दवाखान्यात गेली. ते खोटं नव्हतं. खुशबूनं त्यातून जे घ्यायचं ते घेतलं. दवाखान्यात राहायला गेलेली पोरगी परत येत नाही. आणि दुखतंय असं म्हटलं की दवाखान्यात नेतात.

म्हणून ती दुखणं लपवायला शिकली. कोणी पाहत असलं की लंगडायची नाही. वरच्या ओठावर घाम जमायचा, हात दाराच्या चौकटीला घट्ट धरलेला असायचा, आणि तोंडानं "नाई दुखत."

"पोट्टी वकील होनार," भूपेंद्र म्हणायचा. "कबूलच करत नाही."

शुभांगी हसायची नाही. ती गोळ्या वेळेवर द्यायची, पाण्याचे पेले भरभरून पाजायची, कारण या आजारात पाणी कमी पडून चालत नाही. झोपलेल्या पोरीचे डोळे उघडून पिवळे झालेत का ते पाहायची. पण दुखतं कुठं, हे तिलाही कळायचं नाही.

महिन्याच्या तपासणीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेल्यावर तिथल्या समुपदेशक ताईंनी खुशबूला एक चित्रांचं पुस्तक दिलं. आजारी मुलांसाठी मुद्दाम केलेलं, गुळगुळीत कागदाचं. एक मुलगा, त्याच्या डोक्यावर केस नाहीत, पांढरी खोली, मोठी खिडकी, हसरे डॉक्टर, फुगा, आणि शेवटी घरी केक. शुभांगीनं ते दोनदा वाचून दाखवलं.

"याचं दुखते कुठी?" खुशबूनं विचारलं.

"याचा आजार वेगळा आहे, बेटा."

"मंग मले कायले देलं?" मग पानं उलटून तिनं आणखी विचारलं, "याची आजी कुठी आहे? याच्या खोलीत कोनीच नाही झोपत का?"

दोन दिवसांनी त्यावर पाण्याचा पेला सांडला आणि केक फुग्याला चिकटला. ओसरीवर वाळत घातलेलं ते पुस्तक शकुनबाईनं पाहिलं. उचललं, हातात तोललं. मग आत जाऊन चिंध्यांची पेटी काढून बसली.

चार पानं झाली. चारही खैरघाटाची, जुन्या. गुडघ्याच्या पानावर घाटाच्या पायऱ्या, आणि पाण्यात पाय सोडून बसलेली एक पोरगी. हाताच्या पानावर तीच पोरगी चिंचेच्या फांदीला लोंबकळलेली. पाठीच्या पानावर ती मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात, होडीत, उताणी पडून आभाळ पाहत असलेली. पोटाच्या पानावर मंडईत जिलेबी खाणारी. पायऱ्यांना राखाडी धोतर, नदीला स्वतःच्या लग्नातलं निळं लुगडं. पोरीला फ्रॉक हवा होता. शकुनबाई बराच वेळ पेटीसमोर बसून राहिली. मग लुगड्याच्या घडीतून तो जांभळा फ्रॉक काढला, खालच्या घेराचा तुकडा कापला आणि उलट्या बाजूनं शिवला. उलट्या बाजूनं ठिपके दिसत नव्हते, रंगही फिका होता. कोणाला ओळखू येणार नव्हता. वरचा भाग, लेसचा, तिच्यानं कापवला नाही. तो पुन्हा घडीत गेला.

छातीचं पान तिनं केलं नाही. कात्री घेऊन एकदा बसली होती. उठून भांडी घासायला गेली.

पुस्तक लागू पडलं. पहिल्यांदा खुशबूनं नुसतीच चित्रं पाहिली. मग एका सकाळी ती चुलीजवळ आली आणि काही न बोलता घाटाच्या पायऱ्यांचं पान उघडून उभी राहिली. शकुनबाईनं तवा ठेवला. त्या दिवसापासून पोरीला तोंडानं सांगावं लागलं नाही. पान दाखवलं की झालं. कळ वाढली की शुभांगीला आधीच कळायचं, गोळी आधीच जायची. मागच्यासारखं कण्हत पडायची वेळ कमी आली.

"हे पोरगी कुठी राहते, आजी?"

"खैरघाटात."

"जुन्या? पान्याखाली?"

"हो."

खुशबूनं विचार केला. "म्हनून तिले पानी लय लागते."

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात बाकीच्या पोरांच्या आयांनी पुस्तक पाहिलं आणि मागितलं. शकुनबाईनं आणखी शिवली. एका गोंडउमरीच्या पोराला नदी नको होती, ट्रॅक्टर हवा होता. त्याला ट्रॅक्टर दिला. त्या पुस्तकांसाठी गाठोडी यायची तेव्हा ती नेहमीसारखंच विचारायची, "सगळे जित्यांचे आहेत न?" आणि विचारताना खाली पाहायची.

घरातल्या पुस्तकातल्या पोरीला खुशबू ताई म्हणायला लागली. पुस्तकात नाव नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. शुभांगीला ते खटकलं, पण लहान पोरं कोणालाही ताई म्हणतात. मग ती झोपताना खाटेच्या अगदी कडेला सरकायला लागली. शुभांगी तिला मध्ये ओढायची, ती पुन्हा कडेला.

"पडशील न."

"ताईले जागा पुरत नाही."

शुभांगीनं तिला मध्ये आणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. सकाळी पोरगी कडेलाच होती.

एक दिवस शुभांगी पाणी पाजत होती. खुशबूनं पेला दोन्ही हातांत धरला, थांबून थांबून प्यायली, आणि प्रत्येक घोटाला म्हणाली, "हा बाबाचा. हा आईचा. हा आजीचा. हा नदीचा."

शुभांगीच्या हातातला तांब्या खाली आला. पाणी नको म्हणणाऱ्या गुड्डीनं स्वतःसाठी काढलेली ती रीत होती. शेवटचा घोट नदीचा.

"कोनं शिकवलं तुले?"

"ताईनं."

शुभांगी स्वयंपाकघरात आली. "आई, तुम्ही शिकवलं हे?"

"काय?"

"नदीचा घोट."

शकुनबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. "माह्या तोंडून गेलं नाही, शुभांगी. देवाशप्पथ." थोड्या वेळानं म्हणाली, "तीन वर्साची होती. आयकलं असन तेव्हा. पोरं इसरत नाही."

असेलही तसं. शुभांगीनं स्वतःला तेच सांगितलं. पण त्या दिवसापासून ती खुशबूच्या शेजारी बसायच्या आधी जागा पाहून बसायला लागली.

पुस्तक सारखं धुतलं जायचं. धुऊन धुऊन डोंग्याच्या पानावरची शिवण उसवली. मार्गशीर्षातल्या एका दुपारी शुभांगी ती शिवायला बसली आणि पोरीच्या फ्रॉकची कड उलटी झाली. आत गडद जांभळा रंग होता. त्यावर पांढरे ठिपके.

ती पुस्तक घेऊन ओसरीवर आली. "आई, हे काय आहे?"

शकुनबाईनं पाहिलं. "कापड."

"कोनाचं कापड?"

शकुनबाईनं उलटी झालेली कड बोटानं पुन्हा आत दुमडली.

"तुम्ही सोडून आल्या होत्या न. मी विचारलं तवा सोडलं म्हटलं."

"सोडलं होतं. परत आलं."

"कापड परत येते का?"

"त्या पान्यात येते. जा, पाहून ये."

"गावभर विचारत फिरता, जित्यांचे आहेत न, जित्यांचे आहेत न. अन् माह्या घरात तीन वर्सं पेटीत ठेवलं. माह्या पोरीच्या अंगावर ठेवून राहिल्या." शुभांगीचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "दुसरी बी पाठवायची आहे का तिच्यापाशी?"

"पहिली मी पाठवली का?"

"मी म्हटलं का तसं?"

"तीन वर्सं तेच म्हनून राहिली. तोंड न उघडता."

भूपेंद्र ऑटो लावून आत आला, दोघींकडे पाहिलं, आणि म्हणाला, "जेवू द्या आधी. मंग मी बी भांडतो." शुभांगीनं त्याच्यासमोर पुस्तक धरलं. त्यानं ठिपके पाहिले आणि खाली बसला. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

ठरलं असं की सोमवारी भंडाऱ्याला जाताना वैनगंगेच्या पुलावरून ते सोडायचं. तिथं धार आहे. तोवर शुभांगीनं पुस्तक धानाच्या कोठीवर, पोरीचा हात पुरणार नाही असं ठेवलं.

खुशबू रडली नाही. "ताईले वर ठेवलं का?" तिनं विचारलं.

"हो."

"तिले पानी देजा."

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं, पण हवा झोंबत होती. खुशबू अंगणातल्या खाटेवर कडेला पडून होती. दुपार झाली तरी खेळायला उठली नाही. शकुनबाईनं आपल्या सवयीनं तवा ठेवला, थैली भाजली, आणि गालाला न लावताच ती फडक्यात घेऊन बाहेर आली.

"कोनतं पान, माय?"

खुशबूनं मान हलवली. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"शुभांगी, ताप आहे."

शुभांगी धावत आली. "कुठी दुखते, बेटा? गुडघा? पाठ?" पोरगी नुसती बघत होती. श्वास अर्ध्यावरून परत येत होता. "सांग न. मी नाही रागवत. कुठी दुखते?"

"नाई दुखत," खुशबू म्हणाली. ओठावर घाम होता.

शुभांगी आत गेली. कोठीवरचं पुस्तक ओढून काढलं, त्याच्यासोबत दोन सुपं खाली आली. ते तिनं पोरीच्या मांडीवर ठेवलं. "दाखव मले. ताईले विचार अन् दाखव."

खुशबूनं पायऱ्यांचं पान उघडलं. त्यावर बोट ठेवलं नाही, उलटलं. चिंच उलटली. डोंगा उलटला. मंडई उलटली. मग पुस्तक संपलं. मागचं कोरं कापड काही वेळ तिच्यासमोर राहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली गेली, पायऱ्या, चिंच, डोंगा, मंडई, सावकाश, कुठंही न थांबता.

"नाही त्याच्यात," खुशबू म्हणाली. "आजीनं ते पान केलंच नाही."

शकुनबाईच्या हातातलं फडकं केव्हाच सरकलं होतं आणि गरम थैली उघड्या तळहातावर होती. तिला ती खाली ठेवायचं सुचलं नाही. शुभांगीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कोणतं पान नाही, हे त्या घरातल्या दोन्ही बायकांना माहीत होतं.

शुभांगीनं पोरीच्या स्वेटरमधून हात घातला आणि छातीवर ठेवला. "इथं?"

खुशबूनं डोळे मिटून होकाराची मान डोलावली.

सर्दी हा शब्द कोणी उच्चारला नाही. तो तिथंच कुठंतरी उभा होता. शकुनबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग मुलाला हाक मारली, "भूपेंद्र, आटो काढ. आत्ता."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू केली, संध्याकाळी रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, छातीत सुरुवात झाली होती, वेळेत आणलंत. शुभांगीनं ते वाक्य त्यांना पुन्हा सांगायला लावलं. पहिले दोन दिवस खुशबू फारशी जागी नव्हती. पण झोपेतही खाटेच्या कडेला सरकायची. नर्सबाई तिला मध्ये घ्यायच्या, नळी सारखी करायच्या. "किती सरकते हो ही. कोणाला जागा करते?"

शुभांगीनं घसरलेली चादर ओढून सारखी केली.

ताप उतरला त्या सकाळी ती व्हरांड्यात नळावर पेला विसळत होती. शकुनबाई मागं उभी होती. तळहाताला फोड आला होता.

"बाकीचा कुठी आहे?" शुभांगीनं वळून न पाहता विचारलं.

"काय?"

"फ्रॉक. वरचा भाग तुम्ही कापला नसन. मले माहीत आहे न तुम्ही."

शकुनबाईनं नाही म्हणायचा विचार केला. पूल तिथून जवळच होता. ऑटोनं गेलं तर लगेच सोडून येता आलं असतं. पेटीतली ती एक घडी सोडली तर गुड्डीचं तिच्याकडे काहीच नव्हतं. शुभांगीकडे तर तेवढंही नव्हतं.

"पेटीत आहे," ती म्हणाली. "माह्या हिरव्या लुगड्यात."

"आनून द्या."

भूपेंद्रबरोबर जाऊन ती घेऊन आली. देताना फ्रॉक हातातून लवकर सुटला नाही. शुभांगीनं तो मांडीवर पसरला. लेसची पट्टी, मधलं मोत्यासारखं बटण, काखेत उसवलेली शिवण, जी शिवायची राहून गेली होती. तिनं लेसवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कात्री आनली का?"

शकुनबाईला समजायला वेळ लागला. मग तिनं कमरेची सुईदोऱ्याची थैली सोडली.

शुभांगीला शिवणाचं वळण नव्हतं. टाके लांब पडत होते, वाकडे. तिनं पांढऱ्या कापडाची खाट केली, खाटेवर पोरगी. फ्रॉक सुलट्या बाजूनं लावला, जांभळा, ठिपके वर. छातीवरची लेस तिनं दातानं उसवली, आणि पोरीच्या नाकापासून खाटेच्या कडेपर्यंत नळी करून लावली. शकुनबाईचे हात शिवशिवत होते.

"टाके लांब पडून राहिले."

"पडू द्या."

पान झालं तेव्हा शकुनबाई सवयीनं मागचा खिसा बेतायला लागली. शुभांगीनं तिचा हात धरला. "खिसा नको. याले शेक नाही द्यायचा. हे नुसतं दाखवायचं. हे दाखवलं की दवाखाना."

खुशबू पडल्या पडल्या पाहत होती. तिनं हात पुढं केला. पान उशीवर ठेवलं तेव्हा तिनं नळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या नाकातल्या नळीवर.

"ताई इथं आली होती?"

"हो," शुभांगी म्हणाली.

"मंग घरी गेली?"

शेजारच्या खाटेवरची बाई पोराला भरवता भरवता थांबली. शुभांगीनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो ओवला जाईना.

"नाही गेली. मेली ते. इथंच मेली."

"काहून?"

"उशीर झाला होता."

"मी केला उशीर," शकुनबाई म्हणाली. "मी म्हटलं सर्दी आहे."

"मी आयकलं," शुभांगी म्हणाली. "मले बी कळत होतं. तरी आयकलं."

खुशबू दोघींकडे पाहत राहिली. "मले लवकर आनलं."

"हो. तू पुस्तक दाखवलं न. दुसऱ्यांदा पानं उलटली तवा माह्या ध्यानात आलं."

"दुसऱ्यांदा मी नाई उलटली," खुशबू म्हणाली. "माहे हात दुखत होते. ताईनं उलटली."

वॉर्डातला पंखा बंद होता. शुभांगीनं त्या दुपारची खाट आठवून पाहिली. मांडीवरचं पुस्तक आठवलं, उलटणारी पानं आठवली. हात आठवेनात. तिनं शकुनबाईकडे पाहिलं, आणि शकुनबाई तिच्याकडे. मग शुभांगीनं पान जवळ ओढलं आणि उरलेला टाका घातला.

पुस्तक पुलावरून सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ट्रॅक्टरवाल्या पोराच्या पुस्तकात आणि बाकीच्यांच्याही पुस्तकांत छातीचं पान आलं, बिनखिशाचं. एकदा तुमसरकडची एक बाई गाठोडं घेऊन आली. शकुनबाईनं ते मांडीवर घेतलं, गाठ सोडली, आणि प्रश्न विचारला नाही. बाई स्वतःच म्हणाली, "यात एक सदरा आहे..." आणि थांबली. शकुनबाई म्हणाली, "राहू दे." तो सदरा तिनं वेगळा घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच आधी कापायला घेतला.

खुशबू घरी आली. अजून दुखतं, आणि पुढंही दुखणार आहे. आठवड्यातून एखादवेळी केशवरावांच्या बायकोला भाजल्या तांदळाचा वास येतो आणि ती कुंपणावरून विचारते.

परवा दुपारी जेवण उरकून शुभांगी खोलीत आली. खुशबू झोपली होती, खाटेच्या कडेला, एक पाय बाहेर लोंबत. शुभांगीनं तिला मध्ये ओढायला हात पुढं केला. मग तो मागं घेतला. लोंबणारा पाय तेवढा वर ठेवला, आणि पायथ्याची वाकळ उचलली. खुशबूच्या अंगावर घातली, आणि उरलेली शेजारच्या रिकाम्या अर्ध्या खाटेवर. ती टाकताना तिनं हात जरा उंच धरला आणि वाकळ सावकाश सोडली, खाली कोणी झोपलं असेल तर जाग येऊ नये अशी.